तीन अणूंचं गेट: एकाच पल्समध्ये, की सहा तुकड्यांत?

तटस्थ अणूंच्या क्वांटम संगणकावर (इथे प्रत्येक अणू म्हणजे एक क्युबिट, क्वांटम बिट) टोफोली किंवा सीसीझेड ही तीन क्युबिटची गेटं बसवायच्या दोन वाटा आहेत. दोन क्युबिटची सहा गेटं एकापुढे एक लावायची, नाहीतर तिन्ही अणूंवर एकदम रिडबर्ग लेसरचा पल्स टाकायचा, जो अणूला अतिउत्तेजित अशा रिडबर्ग अवस्थेत नेतो. एक अणू रिडबर्ग अवस्थेत गेला की शेजारच्यांची वाट अडते, मग शेजारी एक असो वा दोन. त्यामुळे दुसरी वाट अगदी आयती वाटते.

आकडे बघा. हार्वर्डच्या गटानं 2019 मध्ये रुबिडियमवर दोन क्युबिटच्या गेटची अचूकता किमान 97.4% आणि टोफोलीची 87.0% दाखवली. 2023 मध्ये हे आकडे 99.5% आणि सीसीझेडसाठी 97.9% झाले. आता 0.974 सहा वेळा गुणा: 85.4%. 0.995 सहा वेळा: 97.0%. म्हणजे थेट गेट दोन्ही वेळा पुढे, पण दोन टक्क्यांच्या आतच. (अधल्यामधल्या एक-क्युबिट गेटांच्या चुका मी धरलेल्या नाहीत, त्या धरल्या तर थेट गेटचं पारडं आणखी थोडं जड होईल.) सहाऐवजी एक म्हणून चुका सहापट कमी, असं मात्र अजिबात नाही.

कारण पल्समध्येच आहे. सीझेडमध्ये, म्हणजे दोन क्युबिटच्या गेटमध्ये, दोनच झोके (तळाची अवस्था ते रिडबर्ग अवस्था अशी ये-जा) सांभाळायचे असतात: एकट्या अणूचा आणि जोडीचा, जो √2 पट वेगवान. सीसीझेडमध्ये तिघांचा √3 पट वेगाचा झोकाही त्याच क्षणी तळाशी यायला हवा, तोही योग्य फेज घेऊन. त्यामुळे वेळेच्या दृष्टीनं सर्वोत्तम पल्ससुद्धा दुपटीहून थोडा लांब होतो, आणि अणू रिडबर्ग अवस्थेत जितका रेंगाळेल तितकी तो तिथून ढासळण्याची भीती जास्त. शिवाय मांडणीची कटकट. परस्परक्रिया अंतराच्या सहाव्या घातानं घटते, म्हणून तीन अणू एका ओळीत ठेवले तर टोकाच्या दोघांमधली ओढाताण 64 पट क्षीण. त्रिकोण केला तर हा प्रश्न सुटतो, पण मग प्रत्येक त्रिकूट तसं आणून बसवा.

ग्रोव्हरच्या शोध-पद्धतीसारखं छोटं सर्किट चुका न सुधारता थेट भौतिक क्युबिटवर चालवायचं असेल, तर मी सीसीझेडच घेईन. सरफेस कोडकडे, म्हणजे चुका सुधारण्याच्या पद्धतीकडे, जायचं असेल, तर सगळी मेहनत सीझेडवर घाला: त्यातल्या तपासण्यांना दोन क्युबिटचीच गेटं लागतात आणि चुकांची चालण्याजोगी कमाल मर्यादा साधारण 1% आहे; 99.5% अचूकता, म्हणजे 0.5% चूक, आधीच तिच्या आत आली आहे.