मांजराच्या पिसवांसाठी फ्रंटलाइन प्लस आणि स्टीलची फणी, माझा रिव्ह्यू

आमची मनी सारखी मान खाजवायची, शेपटीच्या मुळाशी केस पण विरळ झालेले. पिसवा दिसत नव्हत्या पण केसात काळे बारीक कण होते, ते ओल्या टिश्यूवर ठेवले तर लगेच तांबूस डाग पसरला, म्हणजे ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्तच असतं ते. साध्या मातीला असा रंग सुटत नाही.

व्हेटना विचारून मांजरांसाठीचं फ्रंटलाइन प्लस, म्हणजे पिसवांवरचं थेंबांचं औषध, घेतलं. मानेमागे जिथे जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचं. यातलं फिप्रोनिल मोठ्या पिसवांना मारतं आणि मेथोप्रीन अंडी-अळ्या वाढू देत नाही, म्हणून नुसत्या पावडरीपेक्षा मला हेच पटलं, माझ्याकडून 5 पैकी 5. पण एका डोसात घर साफ होईल असं समजू नका हां, कोषातल्या पिसवा वाचतात आणि नंतर बाहेर येतात, त्यामुळे महिन्याने परत लावा, तिचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी व्हॅक्युम करा.

फणी स्टीलचीच घ्या, प्लास्टिकचे दात वाकतात. निघालेली पिसू लगेच साबणाच्या पाण्यात बुडवायची, नाहीतर उडी मारून परत अंगावर.

आणि प्लीज कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला फ्रंटलाइन प्लसही चालत नाही, त्यांना फक्त फणी.