पाय सैल करणाऱ्या गोळ्या : बॅक्लोफेन, टिझानिडिन आणि एक महागडी सुई

मणक्याचा टीबी बरा झाला की सगळे अभिनंदन करतात. ऑपरेशन झालं, टीबीच्या गोळ्या संपल्या, एमआरआय चांगला आला. माझ्या पायांचं मात्र वेगळंच सुरू झालं. ताकद हळूहळू परतली, तसा ताठरपणाही वाढत गेला. सकाळी गुडघे वाकेनात, रिक्षात चढताना पाय आडवा अडके, जमिनीला टाच टेकवली की घोटा आपोआप थडथड उडायला लागे. पाय ताठ असले म्हणजे ते ताकदवान आहेत, असं घरच्यांना बरेच दिवस वाटत होतं. डॉक्टरांनी कागदावर मणका काढून दाखवला: स्नायूला आवरणारा मेंदूचा निरोप दुखावलेल्या जागी अडतो, म्हणून खालचा भाग जरा हात लागला तरी उसळतो.

मी कराडला पतसंस्थेत कॅशला बसते. त्यामुळे कुठल्याही गोळीबद्दल माझे प्रश्न दोनच. उभं राहता येतं का, आणि नोटा मोजता येतात का?

पहिली गोळी बॅक्लोफेन. 1962 साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत ती फिट्सवर औषध म्हणून तयार झाली. फिट्सवर काही विशेष चालली नाही, पण स्नायू सैल करते हे लक्षात आलं. सुरुवात 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. मग दर काही दिवसांनी थोडी वाढ. ही हळूहळू वाढवण्याची पद्धत कंटाळवाणी वाटते, पण ती सोडू नका. पहिले काही दिवस दुपारी अशी झापड यायची की पाचशेच्या बंडलात मध्येच आकडा हरवायचा. मशीन मोजतं हो, पण सही माझी असते. मॅनेजरसाहेबांना सांगून त्या आठवड्यात पासबुक एंट्रीला बसले. पुढे झापड ओसरली. मळमळ थोडी राहिली, तीही पोट भरलेलं असलं की कमी.

10 मिलिग्रॅम तीनदा या डोसवर पाय छान वागायला लागले. रात्री मांड्यांमध्ये येणारे झटके जवळपास थांबले. मग आणखी वाढवून पाहिलं, 20 मिलिग्रॅम तीनदा. कागदावर हा डोस मर्यादेतच होता. पण बेसिनपाशी तोंड धुताना दोन्ही गुडघे एकदम दुमडले. हे मागेच उभे होते म्हणून सावरले. आमच्या फिजिओ मॅडमनी नंतर समजावलं: तुमची स्वतःची ताकद कमी आहे, तुम्ही निम्म्या त्या ताठरपणावरच उभ्या राहता, तो सगळा काढून टाकला तर उरतं काय? डॉक्टरांनी डोस पायरीपायरीने परत 10 वर आणला. पाय किती सैल पडले यावर गोळीची परीक्षा करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की पलंगावर झोपून पाय तपासू नका, उठून दाखवायला सांगा.

बॅक्लोफेनची खरी भीती ती सोडताना. गणपतीत नेहमीच्या मेडिकलमध्ये स्टॉक संपला. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन दिवसांनं काय होतंय?" वर कंबरदुखीवरची एक गोळी पुढे केली, "ही पण मसल रिलॅक्सरच आहे." नावापुरता प्रकार एकच असला तरी आमच्या दुखण्यात ती बॅक्लोफेनची जागा घेत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाय पूर्वीपेक्षा जास्त उडायला लागले, घाम, अंगाला खाज, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी दीर साताऱ्याहून पाकीट घेऊन आले. ही गोळी एकदम तोडली तर भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, ताप चढू शकतो. बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, उतरत्या डोसाने. किडनीचा त्रास असेल तर सुरू करतानाच सांगा, कारण ही बरीचशी लघवीवाटे बाहेर पडते.

दुसरी टिझानिडिन. रात्री 2 मिलिग्रॅम. झोप सुंदर. तोंड मात्र इतकं कोरडं की उशाशी तांब्या लागतोच. हिचा असर काही तासांचाच, त्यामुळे पहाटेचे झटके ही थांबवत नाही. पलंगावरून झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी उतरतं. आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. टीबीच्या औषधांनी लिव्हर आधीच दमलेलं, आणि ही गोळीही लिव्हरवर जाते, म्हणून सुरुवातीला एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी करून घेतली.

आणि हे ठळक अक्षरात वाचा. टिझानिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घ्यायचं नाही. मणक्याच्या पेशंटला लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं आणि त्यावर सिप्रो सर्रास लिहिली जाते. ती टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढवते. बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. मी एका नव्या दवाखान्यात चालू गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली, तेव्हा लिहिलेली सिप्रो खोडली गेली. पर्समध्ये ती चिठ्ठी ठेवायची सवय तेव्हापासूनची. पाय अचानक जास्त ताठले तरी लगेच डोस वाढवायची घाई नको. आधी लघवी तपासा, पोट साफ आहे का बघा, टाचेला कुठे जखम नाही ना ते पाहा; ताठरपणा अशा कारणांनीही वाढतो.

तिसरी गोष्ट सुई. पोटऱ्यांमध्ये बोट्युलिनमचं, म्हणजे टोचलेला स्नायू सैल करणारं इंजेक्शन. बिल माझ्या महिन्याच्या पगाराच्या वर. आठवडाभराने टाच टेकायला लागली, सँडलचा पट्टा परत लावता आला, आणि गुंगी अजिबात नाही, कारण औषध त्या स्नायूपुरतं. साधारण तीन महिन्यांत असर उतरतो. तेवढ्या काळात ताणाचे व्यायाम केले नाहीत तर पैसे पाण्यात.

बॅक्लोफेनला पाचपैकी चार. टिझानिडिनला रात्रीचे साडेतीन, दिवसाचं शून्य. कॅश काउंटरवर ती चालणारच नाही. सुईला चार, बिल दुसरं कोणी भरणार असेल तर साडेचार. जे पेशंट अंथरुणावरच आहेत, ज्यांच्या मांड्या सुटत नाहीत म्हणून अंघोळ घालणं आणि डायपर बदलणं अवघड जातं, त्यांनी माझे गुण धरू नयेत. त्यांना कदाचित मला पाडणाराच डोस लागेल.