गंगावेशीजवळची मटणाची खानावळ

कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पाटी गल्लोगल्ली दिसते, पण चांगली खानावळ ओळखायची असेल तर आधी पांढरा रस्सा चाखावा, असे माझे ठाम मत आहे. कारण तिखट आणि तवंग यांच्याआड बरेच काही झाकले जाते, पांढऱ्यात मात्र मटणाच्या अळणी पाण्याची आणि नारळाच्या दुधाची खरी चव लगेच कळते. गंगावेशीजवळच्या एका गल्लीतील आठ टेबलांच्या खानावळीत गेल्या रविवारी आम्ही चौघे जेवलो. पांढरा रस्सा वाफाळता आला. तीळ आणि खसखस इतकी बारीक वाटलेली होती की जिभेला कण लागला नाही, आणि रस्सा जराही फुटलेला नव्हता. नारळाचे दूध घातल्यावर तो खळखळून उकळला तर फुटतो, त्यामुळे गर्दीच्या वेळी हे साधणे सोपे नसते. तांबडा रस्सा कांदा-लसूण चटणीच्या वासाचा, झणझणीत, तरीही घसा न जाळणारा होता. जोंधळ्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि बोट लावताच तिचा पापुद्रा सुटत होता. सुके मटण मात्र चिवट निघाले. तसे सांगताच वाढणाऱ्या मावशींनी "थांबा, दुसरं देतो" म्हणून वाटी उचलली आणि मऊ शिजलेले मटण आणून दिले. रविवारी अर्धा तास थांबावे लागते, म्हणून साडेबाराच्या आत पोहोचावे.