मुरडा उठला: डायसायक्लोमीन, ड्रोटावेरीन की ओवा?

पोटात कळ आली की आपल्याकडे ओव्याची डबी आणि गोळ्यांचा डबा एकदमच उघडतो. आतडी, पित्तमार्ग, मूत्रवाहिनी, गर्भाशय या सगळ्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. पेशीत कॅल्शियम वाढलं की ते आवळतात, आणि आवळून राहिले की कळ येते. ही आवळ सोडवण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. निवड त्या वाटेवरून आणि आपल्या जुन्या दुखण्यांवरून करावी, असं माझं ठाम मत आहे.

डायसायक्लोमीन मुख्यतः ॲसिटिलकोलीनचा, म्हणजे स्नायूला आवळायला सांगणाऱ्या मज्जातंतूंच्या रसायनाचा, निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनचीही हीच तऱ्हा, म्हणून त्रासही त्याच जातीचे: तोंडाला कोरड, अंधुक दिसणं, गुंगी, लघवी तुंबणं. काचबिंदू असलेल्या किंवा प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना ही गोळी डॉक्टरांना न विचारता देऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती अजिबात द्यायची नाही. तान्ह्या बाळांचा श्वास अडखळल्याच्या नोंदी आहेत.

हायोसीन ब्यूटिलब्रोमाइड या मुरड्यावरच्या आणखी एका औषधाची वाटही हीच, पण ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही, त्यामुळे गुंगी क्वचितच येते. काचबिंदूची आणि लघवीची काळजी मात्र इथेही घ्यावी लागते.

ड्रोटावेरीन वेगळं. अफूतल्या पापावेरीनच्या धर्तीवर ते हंगेरीत १९६०च्या दशकात तयार झालं. स्नायूच्या पेशीत 'सैल हो' असं सांगणारा सायक्लिक एएमपी नावाचा रेणू असतो. त्याला मोडणारं विकर (एन्झाइम) हे औषध अडवतं. ॲसिटिलकोलीनशी त्याचं भांडण नाही, म्हणून कोरड आणि अंधुकपणा कमी. वयस्कर माणसासाठी डायसायक्लोमीन आणि ड्रोटावेरीन यांतून एक निवडायचं तर मी डॉक्टरांकडे आधी ड्रोटावेरीनबद्दल विचारेन. मात्र रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, आणि यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय फार कमजोर असेल तर तेही नको.

आता पाकीट उलटून वाचा, कारण बऱ्याच गोळ्यांत दुसरं औषधही असतं. पाळीच्या दुखण्यावर जी जोडगोळी घेतली जाते तिच्यातलं मोठं काम बहुधा मेफेनॅमिक ॲसिड करतं. गर्भाशयाला आवळायला लावणारी प्रोस्टाग्लँडिन्स ते तयारच होऊ देत नाही. पण अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना तेच बाधतं. मुतखड्याच्या कळेवरही नुसत्या मुरडा सोडवणाऱ्या औषधापेक्षा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं सरस ठरतात, अर्थात मूत्रपिंडं धड असतील तर.

पेपरमिंटच्या तेलातलं मेंथॉल कॅल्शियमचं दारच अडवतं. वारंवार मुरडा येणाऱ्या आयबीएस या आतड्यांच्या जुनाट तक्रारीत त्याचा उपयोग माणसांवरच्या चाचण्यांत दिसला आहे. कॅप्सूल आतड्यात विरघळणारी हवी आणि ती चावायची नाही; नाहीतर जठराच्या तोंडाची झडपही सैल पडून छातीत जळजळ होते. आम्लपित्तवाल्यांनी हा नाद सोडावा.

ओव्याचा अर्क प्राण्यांच्या आतड्यांवर असाच काहीसा वागतो, माणसांतला पुरावा तोकडा आहे. जेवण जड होऊन पोट गुबारलं असेल तर मी आधी ओवा-सैंधव आणि कोमट पाणीच घेते.

ताप आहे, उलट्या थांबत नाहीत, पोट लाकडासारखं कडक झालंय, किंवा बेंबीजवळची कळ उजवीकडे खाली सरकून तिथेच बसली आहे, तर यातलं काहीही घेत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.