एपकॉटचा जर्नी ऑफ वॉटर: ह्याला राईड म्हणायचं का?

फ्लोरिडातल्या डिस्नीच्या एपकॉट पार्कमध्ये ‘जर्नी ऑफ वॉटर’ नावाची पाण्याच्या खेळांची पायवाट आहे. आधीच सांगते, ही राईड नाही. बसायला गाडी नाही, पट्टा नाही, वरून धपकन पडणं नाही. चालायचं, पाण्यात हात घालायचे, थोडंफार भिजायचं आणि बाहेर यायचं, वीस मिनिटांत खेळ खल्लास. आणि नेमक्या ह्याच गोष्टीवरून डिस्नीवेड्या लोकांनी चार वर्षं एकमेकांची डोकी खाल्ली.

झालं असं की २०१९ च्या डी२३ एक्स्पोमध्ये, म्हणजे डिस्नीच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, डिस्नीने एपकॉटचा कायापालट करणार म्हणून भलीमोठी यादी वाचून दाखवली, त्यात मेरी पॉपिन्स सिनेमावरचं काहीतरी होतं, स्पेसशिप अर्थ ही मोठ्या गोलातली जुनी राईड नव्याने करणार होते, आणि मोआना ह्या डिस्नीच्या कार्टून सिनेमाच्या नावाने ही पाण्याची वाट होती. मग कोविड आला, मार्च २०२० मध्ये पार्क बंद, जुलैत उघडलं, आणि यादीतली एकेक मोठी गोष्ट गुपचूप गळत गेली. मेरी पॉपिन्स गेली ती गेलीच. इनोव्हेन्शन्स ह्या जुन्या प्रदर्शनाच्या इमारतीची एक बाजू मात्र पाडून झालेली, पार्कच्या मधोमध कितीतरी काळ बांधकामाच्या भिंती, आणि लोक तिकिटाचे पैसे मोजून त्या भिंतींना वळसा घालतायत. मग १६ ऑक्टोबर २०२३ ला हे उघडलं तेव्हा लोक म्हणणारच ना, एवढं थांबलो ते बगीच्यातल्या कारंज्यांसाठी?

आमच्या घरातच दोन पार्ट्या होत्या. नवरा कॉस्मिक रिवाइंडवाला, म्हणजे तिथल्या रोलर कोस्टरवाला. त्याच्या मते डिस्नीत जुनं ‘ई तिकीट’ म्हणायचे तसलं काही असेल तर जायचं, नाहीतर घरामागे पाइप लावून पोरीला भिजवू, फुकटात होईल. (पूर्वी तिथे ए ते ई अशी कुपनं असायची, भारीतल्या राईडला ई लागायचं, म्हणून तो शब्द.) दुसरी तक्रार जुन्या एपकॉटवाल्यांची, की १९८२ साली हे पार्क विज्ञान आणि जगाची ओळख म्हणून सुरू झालं, तिथे कार्टूनची हिरॉईन कशाला? ही तक्रार मला आधी पटायची. आत जाऊन आल्यावर नाही पटत. पाणी आभाळातून येतं, ओढ्यात जातं, नदी, तळं, समुद्र, परत वर, एवढंच तर सांगितलंय आणि मोआना स्वतः आत फारशी कुठे डोकावतही नाही. शिवाय शेजारीच समुद्री जिवांचं सीज पॅव्हेलियन, ५७ लाख गॅलनची टाकी असलेलं. म्हणजे जागा अजिबात चुकलेली नाहीये.

आम्ही डिसेंबरात गेलो, अटलांटाहून सात तास गाडी हाकत, आई-बाबा पुण्याहून आलेले आणि पोरगी चार वर्षांची. आता ह्या कंपूला घेऊन एपकॉट करून बघा एकदा. सोअरिन ह्या उडाल्यासारखं वाटणाऱ्या राईडला चाळीस इंच उंची पाहिजे, पोरगी एकोणचाळीसवर अडकलेली, कॉस्मिक रिवाइंडला बेचाळीस, आणि तिथे आईला बसवलं असतं तर तिने मला आयुष्यभर ऐकवलं असतं. मग दोघं आत, तिघं बाकावर, असा सकाळपासून अदलाबदलीचा खेळ चाललेला. पाचही जण एकदम आत गेलो आणि पाचही जण काहीतरी करत होतो अशी दिवसभरातली हीच एक जागा.

शिरता शिरता दोन्ही बाजूंना खडक, वरून पाणी कोसळतंय, आणि बाहेरचा पार्कचा कलकलाट निम्मा होतो. डोक्यावरून पाण्याच्या कमानी उड्या मारत जातात. एका ठिकाणी हात वर केला की पाणी उठतं, हात खाली की बसतं. पोरीला वाटलं आपल्याला जादू येते, आणि मागे ताटकळलेल्या पोरांना ती जागाच देईना, शेवटी उचलून न्यावी लागली. सगळ्यात भारी म्हणजे पाण्याची वीणा. वरून बारीक धारा सुटलेल्या असतात आणि हाताने धार अडवली की सूर वाजतो. आई बघतच राहिली आणि म्हणाली, "अगं, ह्या तर पागोळ्या!" आणि मग आजोळच्या कौलांखाली पावसात कसे हात धरून उभे राहायचे ते सुरू झालं, तेही धारा वाजवता वाजवता. आई सत्तरीची आहे. तिला खेळताना मी शेवटचं कधी बघितलं आठवत नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी वाटेतली एकही पाटी सोडली नाही, आणि मग सगळं पाणी उतरून कुठे जातंय ते वाकून बघत बसले. म्हणे, "समुद्रापर्यंत सगळं बरोबर आहे, पण इथला ढग म्हणजे पंप." पंपाची खोली कुठेय हे त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं, मी हाताला धरून पुढे नेलं. खडकांमध्ये डिस्नीचे प्राणी कोरून लपवलेत, तेही बघा, आम्हाला चार सापडले. आणि शेवटी हिरव्यागार वेलींची ती सोळा फुटी ते फिती, मोआना सिनेमातली देवी. आईने चटकन हात जोडले, मागच्या बाईनेही जोडले, बहुतेक आपलीच असावी.

खोट काढायची तर आहेच. छोटं आहे. सेन्सर कधी ऐकतो कधी नाही, बाजूला पोराने हात घातला की तुमचं पाणी त्याचं ऐकतं. भर दुपारी गर्दी असली की कुणी वीणेपाशी तळ ठोकतं आणि मागच्यांचा ट्रॅफिक जाम. फक्त ह्याच्यासाठी एपकॉटचं तिकीट काढायचं तर अजिबात नको, आणि मोठी पोरं दहा मिनिटांत कंटाळतील. मोठं नाव देऊन छोटी गोष्ट विकली हा लोकांचा राग मला कळतो, खरं तर चूक यादी वाचून दाखवण्यात झाली, वाट बांधण्यात नाही.

पाचपैकी साडेतीन. सोबत म्हातारं किंवा लहान कुणी असेल तर साडेचार. जमलं तर दोनदा जा, एकदा उन्हात आणि एकदा अंधार पडल्यावर, दिवे लागले की त्याच धारा वेगळ्याच दिसतात. नवरा दुसऱ्या फेरीला आपणहून आला, वीणेपाशी पाच मिनिटं होता, पण अजून म्हणतो की ही राईड नाही. आणि टॉवेल गाडीत ठेवू नका, पार्किंग लांब आहे, पिशवीत ठेवा.