आठ महिने सिल्की पाळल्यावर: थंडीपेक्षा बल्बनेच छळलं

गेल्या जुलैत सिल्की जातीच्या कोंबडीची दोन महिन्यांची पाच पिल्लं आणली. विक्रेता छातीठोकपणे म्हणाला होता, चार माद्या, एक नर. दिवाळी झाली आणि एकामागून एक तिघे आरवायला लागले! फोन केला तर उत्तर, "घेताना बघून घ्यायचं." अहो, सिल्कीत नर-मादी पाच-सहा महिन्यांपर्यंत धड ओळखू येत नाही. डोक्यावर सगळ्यांनाच पिसांचा झुबका, शेपटी सगळ्यांचीच पिंजलेल्या कापसासारखी. कळत नव्हतं तर सांगितलं कशाला? पैसे परत नाहीतच, नराच्या बदल्यात एक मादी द्यायची तर "गाडीभाडं तुमचं". एक स्टार तिथेच कापला.

गल्लीत सगळे यांना कडकनाथच म्हणतात, कातडी काळी म्हणून. 2019 च्या कडकनाथ गुंतवणूक घोटाळ्यानंतर सातारा-सांगलीकडे कडकनाथ म्हटलं की लोक आधी विचारतात, "किती गुंतवलेत?" कडकनाथच्या पायाला चार बोटं, सिल्कीला पाच; ते पाचवं बोट दाखवून समजावण्यात माझा निम्मा हिवाळा गेला.

आता मुद्द्याचं, म्हणजे बल्बचं. आम्ही वाईच्या बाहेर, धोमच्या रस्त्याला राहतो. डिसेंबरात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात आला आणि मी घाबरलो. खुराड्यात शंभर वॅटचे दोन बल्ब टांगले. बारा तास दोन बल्ब म्हणजे रोजचे 2.4 युनिट, महिन्याचे 72. आम्ही माणसं रात्री अंगणातला दिवा मालवून बसतो, आणि या पाच जणांना उजेडात झोपायची चैन! पण बिल परवडलं असतं. खरा तमाशा पहाटे, छे, पहाट कसली, रात्री अडीचला. उजेड बघून तिघांना वाटायचं दिवस उगवला. शेजारच्या काकूंचा मुलगा दहावीला. तिसऱ्या दिवशी त्या कुंपणापाशी येऊन शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कोंबडा पोराला अभ्यासाला उठवतो हे चांगलंच, पण तो झोपतो साडेबाराला."

बल्ब काढले. मग शहाणपणा असा केला की खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. सकाळी आतून पाणी ठिबकत होतं, भुस्सा ओला, वास डोळ्यांत जाईल असा. एक मादी शिंकायला लागली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "वरून हवा जाऊ द्या, खालून वारा लागू देऊ नका. आणि कोरडं ठेवा." छपराखाली दोन्ही बाजूंना वीतभर कागद फाडला, खाली चार बोटं जाड भाताचं तूस टाकलं. तूस एक पोतं, बस्स. सिल्की उडून दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, त्यातच त्यांची ऊब. हिवाळ्यात एकही दगावली नाही.

ओलीचं मात्र मनावर घ्या. साध्या कोंबडीच्या पिसांना बारीक आकडे असतात, ती एकमेकांत अडकतात म्हणून पाणी निथळतं. सिल्कीला ते आकडेच नाहीत. जुलैतल्या एका सरीत पाचही जण भिजलेल्या बोळ्यासारखे झाले होते. चुलीपाशी टॉवेलने पुसून वाळवले, तेव्हा बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही.

आरवणं मात्र बल्ब गेल्यावरही राहिलं, फक्त अडीचचं पाचवर आलं. सगळ्यात आधी बांग द्यायचा तो आडदांड पांढरा, आम्ही त्याला सरपंच म्हणायचो. एका नातेवाइकाच्या मळ्यात तो देऊन टाकला. वाटलं, सुटलो. दुसऱ्याच पहाटे उपसरपंचाने कारभार हाती घेतला! नंतर वाचलं की जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच पाहिलंय: पहिली बांग कळपातल्या वरच्या नराची, खालचे क्रमाने मागून; वरचा हलवला की पुढचा सुरू करतो. आणि 2013 च्या त्यांच्याच अभ्यासात, सतत मंद उजेडात ठेवले तरी कोंबडे आतल्या घड्याळावर आरवत होते. म्हणजे कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही हे ठीक, पण आरवायचंही राहत नाही.

तरी मी झाकतोच. आरवणं दबावं म्हणून गळ्याला बांधायचा पट्टा मागवून पाहिला. पिसं त्यात गुंतली, कोंबडा उलटा चालायला लागला, दुसऱ्या दिवशी काढून फेकला. आता दोघांना संध्याकाळी मागच्या खोलीत प्लायवूडच्या खोक्यात ठेवतो. जाळीतून हवा येते, उजेड नाही. पाचला आरवतात, पण आवाज रजईतून आल्यासारखा. साडेसातला सोडतो. रोजची दहा मिनिटांची हमाली, सुट्टी नाही.

हे लिहायला डिसेंबरात घेतलं तेव्हा शीर्षक "घेऊ नका" असं होतं. मार्च आलाय, मत बदललंय. अंड्यांसाठी घेणार असाल तर अजूनही नकोच: अंडं छोटं, आणि पंधरा-वीस घातली की बाई खुडूक, म्हणजे घालणं बंद आणि उबवायला बसली. पण खुडूक बसणं म्हणजे काय ते या जातीत बघावं. माझी मादी दाणे टिपायला उठते तेवढीच. इनक्युबेटरचा खर्च नाही, वीज नाही, बल्ब तर नाहीच.

ते बघून काकूंनीच परवा त्यांची गावरान आठ अंडी आणून तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील. जाताना बजावून गेल्या, "नर निघाले तर परत आणून देईन हं."