एफडी समजून सही केली, निघाली वीस वर्षांची पॉलिसी

मे 2022 मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनचे पैसे खात्यात आले आणि तिसऱ्याच दिवशी बँकेतून फोन. "गुरुजी, एवढी रक्कम सेव्हिंगला कशाला ठेवता? चहाला या." बँकेचं नाव लिहीत नाही. पगार वीस वर्षं तिथेच व्हायचा, एवढं सांगतो.

एसी केबिन, चहा, मुलाची चौकशी. मग साहेब म्हणाले, दोन लाखांची एक खास एफडी आहे, नऊ टक्के बसतील, पण तुमच्या वयाला दर कमी पडतो, म्हणून मुलाला सोबत घेऊ. मुलाची सही 'वारस म्हणून' लागणार होती. फुलीच्या खुणा केलेल्या अकरा-बारा जागी आम्ही दोघांनी सह्या केल्या. बरेच रकाने कोरे होते. "ते आम्ही भरतो, तुम्ही कशाला थांबता?" मीही थांबलो नाही. निघताना सांगितलं, "पडताळणीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फॉर्म अडकतो."

फोन आला. मी सगळ्याला हो म्हणालो. आठवीच्या पोरांना चक्रवाढ व्याज शिकवण्यात माझी हयात गेली, आणि नऊ टक्के कोण देतंय, शेजारच्या फलकावर तर एफडीचा दर त्याहून कितीतरी कमी लिहिलाय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये जाडजूड पाकीट आलं. वर विमा कंपनीचं नाव होतं. मला वाटलं, एफडीवर फुकट विमा देत असतील. हिने विचारलं, "उघडून बघायचं नाही का?" मी म्हणालो, पावती आहे, कपाटात ठेव. या गोष्टीत सगळ्यात महाग पडलेलं वाक्य हेच.

जुलै 2023 मध्ये मेसेज आला : दोन लाखांचा हप्ता देय. तेव्हा पाकीट फोडलं. चाळीसेक पानं, सगळं इंग्रजीत. मुलाने वाचून दाखवलं. 'प्रीमियम पेइंग टर्म' दहा वर्षं, म्हणजे दरवर्षी दोन लाख भरायचे. 'पॉलिसी टर्म' वीस वर्षं, म्हणजे पैसे हातात येईपर्यंत मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. विमा मुलाच्या आयुष्यावर. आणि माझा व्यवसाय 'व्यापार', वार्षिक उत्पन्न पंधरा लाख!

बँकेत गेलो तर साहेबांची बदली झालेली. नवे म्हणाले, "सही तुमचीच आहे ना?" विमा कंपनीने माझ्याच फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात मी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा 'हो, समजलं' म्हणतोय. पॉलिसी नको असेल तर परत करायला पहिले पंधरा दिवस होते (त्याला फ्री लूक म्हणतात), ते माझे कपाटात गेले.

मग सल्ला मिळाला, दुसरा हप्ता भरा आणि सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून मिळेल ते परत घ्या. इथे मात्र वही-पेन घेऊन बसलो. तेव्हाच्या नियमाने दोन हप्ते भरल्याशिवाय सरेंडरचं काहीच मिळत नव्हतं, आणि दोन भरल्यावर भरलेल्या रकमेच्या तीस टक्के. म्हणजे चार लाख घालून एक लाख वीस हजार परत, तोटा दोन लाख ऐंशी हजार. काहीच न भरता सोडून दिलं तर तोटा दोन लाख. बुडालेलं वाचवायला आणखी बुडवायचं नाही, एवढं ठरवून हप्ता भरला नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी केली. महिनाभरात नकार आला. त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो, विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. माझ्या बाजूने दोन कागद होते : माझं पेन्शनचं पत्र, जे त्या पंधरा लाखांना खोटं पाडत होतं, आणि जुन्या साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप, "गुरुजी, तुमची एफडी झाली." तो मेसेज मी पुसला नव्हता, हे निव्वळ नशीब. मुद्दल परत मिळालं. व्याज नाही. त्यात जवळजवळ दोन वर्षं गेली.

एफडीची पावती कशी असते ते आता सांगतो, कारण मलाच माहीत नव्हतं. तिच्यावर व्याजदर, मुदत संपण्याची तारीख आणि त्या दिवशी मिळणारी रक्कम लिहिलेली असते. 'प्रीमियम' हा शब्द दिसला तर ती एफडी नाही. घरातल्या सगळ्या पावत्या आता एका वहीत उतरवल्यात, आणि वही हिच्याकडे असते. माझ्यापेक्षा ती जास्त प्रश्न विचारते.

हे सगळं परवा एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगत होतो. तो मध्येच गप्प झाला. त्याच्याकडेही तसंच पाकीट आलेलं, न फोडता ठेवलेलं. फ्री लूकची मुदत एप्रिल 2024 पासून तीस दिवसांची झाली आहे आणि ती पॉलिसी हातात पडल्यापासून मोजतात. त्याला पाकीट येऊन एकोणीस दिवस झाले होते. आज सकाळच्या एसटीने तो येतोय. पाकीट, आधार आणि कॅन्सल केलेला चेक सोबत आणायला सांगितलंय. अर्ज मी रात्रीच लिहून ठेवलाय.